शेवटचं कडवं गाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा भीमजयंतीला आमच्या वस्तीत ऑर्केस्ट्रा होता. 'उद्धरली कोटी कुळे' सुरू झालं आणि सगळा मंडप टाळ्यांनी ताल धरू लागला. गायकाने दोन कडवी म्हटली, अन् मेडलीच्या नादात थेट पुढच्या गाण्यावर उडी मारली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक बाबा होते, ते काही थांबले नाहीत. बँजो पुढे निघून गेला तरी मांडीवर थाप देत ते उरलेलं गाणं पुटपुटत राहिले, पार 'वामन' येईपर्यंत.

हे गाणं रचणाऱ्या लोककवी वामनदादा कर्डकांची सही, म्हणजे 'वामन' हे नाव, बहुधा अशी शेवटच्या कडव्यात असते. नेमकं तेच छाटलं की गाणं बेवारस होतं. एका मंडळाच्या गीतपुस्तिकेत तर दादांच्या गाण्याखाली मी 'पारंपरिक' असं छापलेलं वाचलं. 2004 पर्यंत आपल्यात वावरलेला माणूस पारंपरिक कसा काय? (नाव छापलंच तर कधी जलसेवाले भीमराव कर्डक आणि वामनदादा यांची गल्लत होते, तो आणखी वेगळा घोळ.)

दादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 15 ऑगस्ट 1922 चा. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पोटासाठी मुंबईला आले. तिथे कुणी पत्र वाचून मागितलं, ते वाचता येईना. ती गोष्ट जिवाला लागली. मग मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं. पहिलं पुस्तक 'वाटचाल' निघायला मात्र 1973 उजाडलं. मधली तीस वर्षं ही गाणी पुस्तकाविना, माणसांच्या तोंडी फिरत होती. बाबासाहेबांवरची गाणी तर होतीच, पण 'बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो' असा धनाच्या वाट्याचा रोकडा हिशेबही ते भर सभेत गाऊन मागायचे. आजच्या मेडलीत ते गाणं सहसा येत नाही, का ते ज्याचं त्याला ठाऊक.

दर एप्रिलमध्ये आपल्या पुरवणीत भीमगीतं येतात. ती पूर्ण छापावीत आणि खाली कवीचं नाव द्यावं. ऑर्केस्ट्रावाल्यांनाही एक विनंती : वेळ कमी असेल तर मधलं कडवं सोडा.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड