शिध्याआधी ओळखपत्र कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

महासाथीत निर्बंध लागले की देहविक्रय करणाऱ्या महिलांची कमाई त्याच दिवशी थांबते, खोलीचे भाडे मात्र चालू राहते. ते बऱ्याच ठिकाणी रोजाच्या हिशेबाने असल्याने थकबाकीही रोज वाढते. मग घरवालीकडून (कुंटणखाना चालवणारीकडून) किंवा सावकाराकडून उचल घेतली जाते. निर्बंध उठले की ती फेडण्यासाठी कमी पैशांत जास्त गिऱ्हाइके घ्यावी लागतात आणि 'निरोध नको' म्हणणाऱ्याला परत पाठवणे परवडत नाही. आमच्या मते, एचआयव्ही आणि गुप्तरोगांचा खरा धोका या वसुलीच्या महिन्यांत असतो.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधाची, गोळी रोज लागते. 30 गोळ्यांची बाटली संपली आणि गाड्या बंद असल्या की खंड पडतो, विषाणू पुन्हा वाढतो. वारंवार खंड पडला तर तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून साथीची चाहूल लागताच, प्रकृती स्थिर असलेल्यांना 3 ते 6 महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, त्याही साध्या पाकिटात, कारण बाटलीवरच्या नावावरून आजार शेजारपाजारी कळतो. गावी परतलेल्यांना बदलीच्या चिठ्ठीसाठी अडवून न धरता जवळच्या केंद्रात औषध मिळावे. निरोध फाटल्यास एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी 72 तासांच्या आत सुरू करायची 28 दिवसांची औषधे आणि सिफिलिस या गुप्तरोगासाठीचे पेनिसिलिनचे इंजेक्शन, हेही चालूच राहिले पाहिजे. दवाखान्यातले कर्मचारी साथीच्या कामाला लावले की अशा सेवा मागे पडतात.

देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या शिध्याचे घोडे कागदपत्रांपाशी अडते. ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते 29 सप्टेंबर 2020 रोजी. टाळेबंदी मार्चमध्येच लागली होती. इतके महिने पोट थांबत नाही! ही तरतूद आपत्ती आराखड्यात आताच लिहून ठेवावी. लाभार्थी ठरवताना केवळ 'नॅको'कडील (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडील) नोंदींवर विसंबू नये. घरून किंवा फोनवरून काम करणाऱ्या कित्येकींची तिथे नोंदच नसते. त्यांची खात्री वस्तीतल्या त्यांच्याच सहकारी कार्यकर्तीने द्यावी. अर्जात व्यवसायाचा रकाना नको, यादी भिंतीवर लावू नये आणि शिधा घेतानाचे फोटो तर मुळीच काढू नयेत.

– काही आरोग्य कार्यकर्त्या