काकू, तुमच्या ओट्यावरच्या जालियनवाला बागेबद्दल

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजारात दोन वाडे सोडून राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे तुम्ही हसणारच. पण समोर गेलं की तुम्ही आधी चहा टाकता, मग विषय बदलता, आणि आभाराचं राहून जातं. म्हणून हे असं उघड, चारचौघांत.

आम्ही अमृतसरला निघालो ते सुवर्णमंदिर, वाघा आणि (खोटं कशाला बोलू) छोले-कुलच्यांसाठी. जालियनवाला बाग मंदिरापासून चालत काही मिनिटांवर, म्हणून यादीत होती. ह्यांनी तिला अर्धा तास दिला होता. तुम्ही ते ऐकलंत आणि लेकीला एवढंच म्हणालात, "संध्याकाळी खडू घेऊन ये."

ओट्यावर तुम्ही एक वेडावाकडा चौकोन काढलात. भोवती घरांच्या पाठी, बाहेर पडायला मोजक्या चिंचोळ्या वाटा, एक समाधी, एका बाजूला विहीर. तेव्हा तिथे ना हिरवळ ना फुलझाडं, पडीक जागाच ती. बैशाखीला गावोगावहून आलेली माणसं तिथे बसलेली. काही सभेला, काही नुसतीच टेकायला. आत येणाऱ्या बोळाच्या तोंडाशी जमीन जरा उंच, तिथे तुम्ही लेकीला उभं केलंत. "पंचवीस शिपाई तुझ्या उजवीकडे, पंचवीस डावीकडे. आता सांग, लोक पळतील कुठे?" एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली आमची पोरगी गप्प झाली. मग तुम्ही 13 एप्रिल 1919 चा हिशेब सांगितलात. सुमारे दहा मिनिटं, 1650 गोळ्या, पांगा म्हणून एका शब्दाची सूचना नाही. डायरने मशीनगन असलेल्या दोन चिलखती गाड्याही आणल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. आत आल्या असत्या तर त्या मशीनगनही बहुधा चालवल्या असत्या, हे त्याने सरकारी चौकशीच्या हंटर कमिटीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

आता त्या बोळाच्या भिंतींवर हसतखेळत चाललेल्या माणसांची शिल्पं आहेत, 2021 च्या नूतनीकरणातली. मला ती मुळीच आवडली नाहीत. लोक त्यांना टेकून फोटो काढतात आणि जो अरुंदपणा बघायला यायचं तोच नजरेतून सुटतो. लेक मात्र दोन्ही हात पसरून बोळाची रुंदी अजमावत होती. आत गेल्यावर तिने आधी दिशा लावून घेतली आणि मग सासूबाईंचा हात धरून त्यांना ओट्यावरचा नकाशा सगळा चालत दाखवला. शिपाई इथे, समाधी तिथे, भिंतीवर पांढऱ्या चौकटीत राखलेल्या गोळ्यांच्या खुणा या. शेजारी उभं एक कुटुंबही ऐकत ऐकत तिच्यामागून फिरलं. लाल दगडाचा उंच स्तंभ 1961 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते खुला झाला, हेही तिने सांगितलं, पण तिथे ती फार थांबली नाही. ह्यांनी घड्याळ बघणं केव्हाच सोडलं होतं.

विहिरीपाशी 120 मृतदेह काढल्याचं लिहिलेलं आहे. सरकारी आकडा एकूण 379, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास. सासूबाईंनी विचारलं, खरा कुठला? लेकीने तुमचंच वाक्य ऐकवलं: "मोजलं कोणी आणि कधी, ते आधी विचारायचं." सरकारने मोजायला घेतलं तेच काही महिन्यांनी. एवढा वेळ सासूबाई निमूट ऐकत होत्या, तिथे मात्र त्यांचा राग अनावर झाला.

तुम्ही झेरॉक्स करून दिलेली रतनदेवींची साक्ष मी तिथेच एका बाकावर बसून पुन्हा वाचली. आठनंतर संचारबंदी, त्यामुळे नवऱ्याचा देह घरी न्यायला खाटही मिळेना. हातात बांबूची काठी घेऊन त्या रात्रभर कुत्री हाकलत बसल्या. जवळच बारा वर्षांचा एक जखमी मुलगा, मला सोडून जाऊ नका म्हणून विनवणारा. त्याला पाणी हवं होतं आणि पाणी कुठेच नव्हतं. ओट्यावर वाचताना मी मध्येच थांबले होते. तिथे पूर्ण वाचलं.

आणि तय्यबजी! बडोद्यात जन्म गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं, की काँग्रेसच्या चौकशीतल्या त्या साक्षी नोंदवून घेणाऱ्यांत आपल्या बडोदे संस्थानचे निवृत्त मुख्य न्यायाधीश अब्बास तय्यबजी होते. सोबत गांधीजी, चित्तरंजन दास आणि मुकुंदराव जयकर. 1700 हून जास्त साक्षीदार तपासले, साडेसहाशेच्या आसपास जबान्या छापल्या. इंग्रजी राहणीतला, सरकारशी एकनिष्ठ असा तो माणूस पंजाबातून बदलून परतला आणि 1930 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, गांधीजींच्या अटकेनंतर धारासणेच्या मिठाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व करताना पकडला गेला. तुम्ही हे सांगितलं नसतंत तर अमृतसर माझ्यासाठी दूरच्या कुणाचं तरी दुःख राहिलं असतं.

कूचा कौडियांवालाही शोधली. शेरवूड या इंग्रज मिशनरी बाईंवर हल्ला झाला ती गल्ली. बाईंना वाचवलं तिथल्याच माणसांनी, आणि नंतर पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम निघाला तोही तिथल्याच रहिवाशांवर. आज तिथे विजेच्या तारा, स्कूटर, वाळत घातलेले कपडे. लेक तिथून परत निघायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, इतिहासाच्या पुस्तकात बागेला परिच्छेद मिळतो, गल्लीला ओळसुद्धा नाही. हे तुमचं शिक्षण, काकू. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा वर्ग काही सुटलेला नाही.

आता तिचा पुढचा प्रश्न: तय्यबजी बडोद्यात राहायचे कुठे? मी सरळ तुमच्याकडे बोट दाखवलं आहे. रविवारी ती येईल, वही घेऊन. सोबत अमृतसरच्या उडदाच्या वड्या पाठवते आहे. बटाट्याच्या रश्श्यात छान लागतात. पण तिखट आहेत, काकांना बेतानेच वाढा.

तुमच्या वाड्यापलीकडची,
लेकीची आई