गव्हर्नर मॅडम, १९१८च्या त्या हुकमाबद्दल आणि आयोवातल्या नॉर्वेजियन चर्चच्या वह्यांबद्दल : एक खुलं पत्र

मा. गव्हर्नर मॅडम,
आयोवा राज्य, डे मॉइन

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी कॉपी तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवलीये, इथे मात्र मराठीतच टाकतेय, कारण डे मॉइन, अँकेनी, सीडर रॅपिड्सला आता आपली बरीच लोकं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही की ज्या राज्यात बसून आपण आईशी तासतासभर मराठीत फोनवर बोलतो, त्याच राज्यात १९१८ साली फोनवर इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलायला बंदी होती. गव्हर्नरने स्वतः काढलेला हुकूम. तुमच्याच खुर्चीत तेव्हा विल्यम हार्डिंग होते, तारीख २३ मे १९१८.

चार कलमं होती त्यात. शाळा सरकारी असो, खाजगी असो की चर्चची, शिकवायचं इंग्रजीतच. सार्वजनिक ठिकाणी, ट्रेनमध्ये आणि फोनवर बोलायचं इंग्रजीतच. जाहीर भाषणं इंग्रजीतच, म्हणजे त्यात चर्चमधली प्रवचनंही आली. आणि चौथं कलम मला सगळ्यात जास्त टोचतं : ज्यांना इंग्रजी बोलता किंवा समजत नाही त्यांनी आपली उपासना आपापल्या घरी करावी. पहिलं महायुद्ध चालू होतं, राग जर्मनांवर होता, सगळं मान्य, पण हुकूम सगळ्याच परदेशी भाषांना लागू होता, त्यामुळे डॅनिश, स्वीडिश, डच, चेक, नॉर्वेजियन सगळेच त्यात भरडले गेले. देव आता फक्त इंग्रजी प्रार्थना ऐकतोय अशा अर्थाचंही हे साहेब बोलून गेले होते म्हणे. काय बोलणार!

मी नॉर्वेजियन लोकांबद्दलच लिहितेय कारण अँकेनीहून ॲमेसला जाताना वाटेत हक्सली लागतं, तिथे पॅलेस्टाइन नावाचं ल्युथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं) चर्च आहे, आणि आयोवात पॅलेस्टाइन कुठून आलं हे शोधता शोधता मी या सगळ्यात शिरले आणि मग काही बाहेरच येईना. पुढे स्टोरी सिटी, रोलंड, वर डेकोरा, सेंट ॲन्सगार, सगळीकडे हीच माणसं. मक्याच्या शेतात मध्येच एक पांढरा मनोरा, बाजूला दफनभूमी, दगडांवर ओल्सन आणि लार्सन.

हे लोक मुळात निघाले का, तर जमीन कमी, खाणारी तोंडं जास्त हे कारण मोठंच होतं, पण दुसरंही एक होतं. नॉर्वेत १७४१ पासून कायदा होता की पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरच्या, परवानगीशिवाय धार्मिक मेळावा भरवायचा नाही. हान्स निल्सेन हाउगे नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव चालत जाऊन लोकांच्या घरात प्रवचनं करायचा, त्याला १८०४ मध्ये धरलं आणि त्याची पुढची जवळजवळ दहा वर्षं कोठडीत आणि खटल्यात गेली. तो कायदा रद्द झाला १८४२ला. १८२५ मध्ये रेस्टॉरेशन नावाच्या छोट्याशा जहाजातून स्टावांगेरहून जे पहिले बावन्न जण अमेरिकेला आले, त्यात क्वेकर (सरकारी चर्चपासून वेगळा एक ख्रिस्ती पंथ) आणि हाउगेच्या वळणाची माणसं बरीच होती. आता बघा मॅडम, तिकडे सरकार म्हणत होतं घरात जमून प्रार्थना करू नका, चर्चमध्ये या. आणि शंभरेक वर्षांनी इकडचं सरकार त्यांच्याच नातवंडांच्या पिढीला म्हणतंय चर्चमध्ये नको, घरी करा. दोन्ही वेळा हुकूम देणाऱ्याला आपण देशाचं भलंच करतोय असं वाटत होतं!

नॉर्वेत पाळक म्हणजे राजाने नेमलेला अधिकारी. इथे आले तर राजा नाही, बिशप नाही, पाळकही नाही. मग शेतकऱ्यांनीच बसून काँग्रिगेशनची, म्हणजे एका चर्चच्या सभासद मंडळीची, घटना लिहायची, कोणीतरी कोपऱ्यातली जमीन द्यायची, वर्गणी ठरवायची आणि नॉर्वेला पत्र पाठवायचं की बाबा कोणीतरी पाळक पाठवा, पगार आम्ही देतो. असंच बोलावणं आलं म्हणून डिसेंबर १८५३ मध्ये उलरिक विल्हेल्म कोरेन आणि त्यांची तरुण बायको एलिझाबेथ डेकोराजवळ वॉशिंग्टन प्रेअरीला पोचले. मिसिसिपीच्या पश्चिमेला कायमचा राहायला आलेला हा पहिला नॉर्वेजियन ल्युथरन पाळक. राहायला घर नाही, म्हणून पहिला हिवाळा एग्गे नावाच्या कुटुंबाच्या एका खोलीच्या लाकडी घरात, नवरा, बायको, दोन मुलं आणि हे दोघं, मध्ये पडदा लावून. ते घर आज डेकोराच्या वेस्टरहाइम या नॉर्वेजियन अमेरिकन म्युझियममध्ये आहे, नक्की बघा. एलिझाबेथबाईंनी डायरी लिहिली म्हणून आपल्याला हे कळतं, कारण कोरेनसाहेब आठवडेच्या आठवडे दौऱ्यावर, ईशान्य आयोवा आणि थेट मिनेसोटापर्यंत, शेतकऱ्यांच्या घरात उपासना, एका दिवसात ढीगभर बाप्तिस्मे. पुढे १९१० मध्ये वारेपर्यंत ते तिथलेच पाळक राहिले.

भांडणं? विचारू नका. १८६१ मध्ये नॉर्वेजियन सिनॉडच्या (बऱ्याच काँग्रिगेशन्स मिळून झालेल्या चर्च संघटनेच्या) पाळकांनी मिसुरीच्या जर्मन ल्युथरनांचं ऐकून जाहीर केलं की गुलामगिरी हे मुळात पाप नाही. शेतकरी भडकले, त्यांची पोरं तिकडे अमेरिकन यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्धच्या, बाजूने लढायला निघालेली. सेंट ॲन्सगार ज्यांनी वसवलं ते क्लाउस क्लाउसेन, जन्माने डॅनिश, यांनी आधी त्या कागदावर सही केली, मग मागे घेतली, वर्षानुवर्षं वाद घातला आणि १८६८ मध्ये सिनॉडच सोडली. ते मिटतंय तोवर १८८०च्या दशकात दुसरा वाद, देव माणसाला तारणासाठी निवडतो ते माणसाचा विश्वास आधी बघून की नुसत्या कृपेने. ऐकायला बारीक वाटतं, पण यावरून सिनॉडच्या जवळपास एक तृतीयांश काँग्रिगेशन्स बाहेर पडल्या, बिल्डिंग कोणाची म्हणून कोर्टबाजी झाली, कित्येक ठिकाणी हाकेच्या अंतरावर दोन चर्चं उभी राहिली, दोन्ही ल्युथरन, दोन्ही नॉर्वेजियन. परदेशात आपली मंडळं फुटतात आणि एकाच गावात दोन गणपती बसतात, तसंच. १९१७ला कुठे यातले बहुतेक गट एकत्र येऊन नॉर्वेजियन ल्युथरन चर्च ऑफ अमेरिका झालं. म्हणजे अर्धं शतक भांडून माणसं एकत्र आली आणि पुढच्याच वर्षी हार्डिंगसाहेबांचा हुकूम.

हुकूम तसा काही महिनेच टिकला, युद्ध संपल्यावर १९१८च्या डिसेंबरमध्ये मागे घेतला. पण भीती काही हुकमाबरोबर मागे जात नाही ना. त्याच उन्हाळ्यात फार्गोच्या अधिवेशनात या नव्या एकत्रित चर्चने आपल्या नावातून नॉर्वेजियन हा शब्दच काढायचा ठराव प्रचंड बहुमताने केला, नंतर लोक चिडले म्हणून १९२०ला फिरवला, आणि शेवटी १९४६ मध्ये काढलाच. उपासनेतली भाषा त्याच्याही आधी गेली, विसाच्या दशकात इंग्रजी पुढे निघून गेली. आता कोणी म्हणेल भाषा तशीही गेलीच असती, नातवंडांना कुठे येत होती. असेलही. पण आपोआप जाणं आणि सरकारने घाबरवून घालवणं यात फरक आहे, आणि ज्या आजीला इंग्रजी येतच नव्हतं तिने तो उन्हाळा चर्चमध्ये काय ऐकून काढला असेल याचा विचार त्या चार कलमांत कुठेही नाही.

आता मुद्द्यावर येते. ही खेड्यातली चर्चं आता बंद होतायत किंवा दोन तीन मिळून एक पास्टर ठेवतायत. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, पोरं शहरात गेली. चर्च चालू ठेवणं सरकारचं काम नाही आणि मी ते मागतही नाहीये. बाप्तिस्मा, लग्न, मयत यांची रजिस्टरं बऱ्यापैकी मायक्रोफिल्मवर गेलीत, ऑनलाइनही सापडतात. पण खरा खजिना वेगळाच आहे, क्विंदेफोरेनिंगच्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या, मिनिट्सच्या वह्या. महिन्यातून एकदा कोणाच्यातरी घरी जमायचं, विणायचं, शिवायचं, कॉफी प्यायची आणि वर्षाला ते सगळं लिलावात विकायचं. चर्चची घंटा, स्टोव्ह, बाकं या पैशातून आली, शिवाय मादागास्करच्या मिशनला पैसे गेले, आणि आपल्याकडच्या संथाल परगण्यात स्क्रेफ्सरूड आणि बोरेसेन यांनी १८६७ मध्ये सुरू केलेल्या मिशनलाही नॉर्वेजियन अमेरिकन लोकांची मदत जायची. चर्चच्या मीटिंगमध्ये मत नसलेल्या बायका हा सगळा हिशेब ठेवत होत्या! या वह्या जुन्या वळणाच्या नॉर्वेजियन अक्षरात, आणि अशा वह्यांत कुठेतरी मध्येच नॉर्वेजियन थांबते आणि इंग्रजी सुरू होते. चर्च विकलं जातं तेव्हा तळघरातल्या कपाटाचं काय होतं ते तुम्हाला माहितीये.

आणि नेमक्या अशा वेळी, २०२५ मध्ये, राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीचं आयोवा सिटीतलं केंद्र बंद करायचं जाहीर झालं. पैशाची अडचण असेल, मी नाकारत नाही. पण ज्या सरकारने एकदा या लोकांची भाषा बंद केली त्याच सरकारने त्यांचे कागद ठेवायची जागाही कमी करायची, हे बरं दिसत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. बंद होणाऱ्या खेड्यातल्या चर्चच्या वह्या, फक्त नॉर्वेजियन नाही, जर्मन, डॅनिश, चेक सगळ्या, कोणाच्याही मालकीला हात न लावता जागेवर जाऊन स्कॅन करायला राज्याने एक छोटा फंड आणि एक दोन माणसं द्यावीत. ते जुनं अक्षर वाचणारी माणसं वेस्टरहाइमच्या आसपास आणि डेकोराच्या ल्युथर कॉलेजात अजून आहेत, पण ती काही तरुण नाहीत. दुसरं, कॅपिटलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, त्या हुकमाची प्रत लावा, हार्डिंग यांच्या नावासकट, आणि तो चुकीचा होता हे खाली एका ओळीत गव्हर्नर म्हणून लिहा. शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवण्यावर आयोवाने नंतर जो कायदा केला तो सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये बार्टल्स विरुद्ध आयोवा या केसमध्ये उडवलाच, त्यामुळे तुम्ही फार काही नवीन कबूल करताय असंही नाही. २००२ मध्ये तुमच्या आधीच्या एका गव्हर्नरनी इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा असल्याच्या कायद्यावर सही केली तो अजून आहे, त्याच्यावर आज भांडत नाही, ते वेगळं पत्र होईल.

स्कॅनिंगला माणसं कमी पडली तर आमच्यातली बरीच जण आयटीत आहेत, शनिवार रविवार मोकळी असतात, मी स्वतः यायला तयार आहे. फक्त आयोवा सिटीच्या केंद्रातली खोकी इकडून तिकडे हलवायच्या आधी हे ठरवा, कारण एकदा हलवली की कुठलं खोकं कुठे गेलं ते शोधण्यातच दोन वर्षं जातील.

आपली,
अँकेनीतली एक मराठी रहिवासी आणि टॅक्स भरणारी