‘अँटिगनी’तल्या त्या सतरा ओळी गाळू नका

महोदय,

सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’वरील आपल्या पुरवणीतल्या लेखात या नाटकाचा गाभा ‘व्यक्तीचा विवेक विरुद्ध जुलमी सत्ता’ असा सांगितला आहे. हा अर्थ इतका रुळला आहे की संहिताही अनेकदा त्याच मापाने कापली जाते. मग थीब्सचा राजा क्रेऑन आल्या आल्या खलनायक ठरतो, अँटिगनी हुतात्मा होते आणि तिच्या तोंडच्या ९०४ ते ९२० या सतरा ओळींवर काट बसते.

इ.स.पू. ४४१च्या सुमारास हे नाटक पाहणाऱ्या अथेन्सच्या प्रेक्षकाला, पॉलिनायसीजचे प्रेत कुणी पुरू नये हा क्रेऑनचा हुकूम ऐकताक्षणी राक्षसी वाटला नसावा. अँटिगनीचा हा भाऊ परकी फौज घेऊन स्वतःच्याच नगरावर चालून आला होता आणि भाऊबंदकीत तो आणि त्याचा भाऊ एकमेकांच्या हातून मेले होते. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरू द्यायचे नाही, असा कायदा अथेन्समध्येही होता. इ.स.पू. ४०६ मध्ये सेनापतींवरच्या खटल्याच्या वेळी सभेत त्याचा हवाला दिला गेला, हे इतिहासकार झेनोफॉनने नोंदवले आहे. क्रेऑनचे पहिले भाषण तर आदर्श राजनीती म्हणून वापरले गेले. स्वदेशापेक्षा मित्राला मोठे मानणारा माझ्या लेखी कुणीच नाही, असे तो त्यात म्हणतो. इ.स.पू. ३४३ मध्ये अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस याने ते भाषण भर न्यायालयात वाचून घेतले. प्रतिपक्षी एस्किनीज पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. पाठ केलेले हे शब्द तू आचरणात का आणले नाहीस, असा त्याला सवाल होता.

मग क्रेऑन चुकतो कुठे? कायद्यात आधी खटला होता, शिक्षा नंतर. शिवाय बंदी हद्दीपुरती होती. प्रेत सीमेपार नेऊन अंत्यसंस्कार करायची वाट उघडी राहत असे. इ.स.पू. ३१८ मध्ये अथेन्सचा सेनापती फोकिऑन याला देहदंड झाला, त्याच्या चितेसाठी कुणाही अथेन्सवासीयाने विस्तव देऊ नये असा ठराव झाला. तेव्हा मजुरीवर असली कामे करणाऱ्या एकाने प्रेत हद्दीजवळच्या एल्युसिसच्या पलीकडे नेऊन शेजारच्या मेगारा नगराच्या विस्तवाने जाळले. एका बाईने अस्थी ओटीत घेऊन रात्री घरी आणल्या आणि चुलीपाशी पुरल्या. पुढे नगराचे मन पालटले, तेव्हा त्याच अस्थींना सरकारी इतमाम मिळाला. शिक्षा झाली आणि निष्ठेलाही फट राहिली. क्रेऑन मात्र खटला चालवत नाही आणि फटही ठेवत नाही. प्रेत उघड्यावर, भोवती पहारा, रडण्यालाही मनाई. परिणाम आंधळा द्रष्टा टायरिसियस सांगतो: कुत्री आणि पक्षी मेलेल्याचे मांस वेदीवर आणून टाकतात, होमाचा अग्नी पेट घेत नाही, चरबी नुसती वितळून राखेत झिरपते. ज्या नगरासाठी हुकूम काढला त्या नगराच्याच वेदी विटाळल्या. हा राज्यकारभारातला दोष आहे, केवळ एका बहिणीचे दुःख नव्हे. क्रेऑनचा मुलगा हीमॉन तेच सांगतो: एकाच माणसाचे असते ते नगरच नव्हे.

आता अँटिगनी. हुकूम मोडून तिने भावावर केलेला विधी म्हणजे आपल्या भाषेतली शब्दशः मूठमाती: कोरड्या धुळीचा पातळ थर, कुदळीची खूणही नाही, आणि दुसऱ्या खेपेस काशाच्या झारीतून तीन वेळा अर्घ्य. देवांच्या अलिखित नियमांचा ती दाखला देते, ते भाषण सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या सतरा ओळींत ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी नगराविरुद्ध गेले नसते. नवरा दुसरा मिळेल, मूलही होईल, पण आईबाप पाताळात गेल्यावर भाऊ पुन्हा जन्मणार नाही. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या प्रक्षिप्त, म्हणजे मागून घुसडलेल्या, ठराव्यात अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये बोलून दाखवली. परंतु अ‍ॅरिस्टॉटल त्यातल्याच ओळी उद्धृत करतो, म्हणजे त्याच्या काळी त्या संहितेत होत्याच. हाच युक्तिवाद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासात एका पर्शियन सरदाराच्या बायकोच्या तोंडी आहे.

या ओळी ठेवल्या तर अँटिगनी अखिल मानवजातीची वकील राहत नाही. तिची निष्ठा एका उदराशी आहे. भावासाठीचा ग्रीक शब्द ‘अडेल्फॉस’ मुळात ‘एकाच गर्भातला’ असा आहे आणि तिच्या पहिल्याच वाक्यात त्याच शब्दाचे एक रूप बहीण इस्मिनीसाठी येते. मराठी अनुवादकाच्या हाताशी ‘सहोदर’ आयता असताना तिथे ‘लाडके बहिणी’ लिहिणे म्हणजे नाटकाचा खिळा उपटणे. कारण तीच अँटिगनी पुढे मरायला तयार झालेल्या त्या सहोदर बहिणीला झिडकारते. निष्ठा मेलेल्यासाठी आणि जिवंत बहिणीला नकार, ही विसंगती सोफोक्लीजने जाणूनबुजून ठेवली आहे, असे मला ठामपणे वाटते.

शेवटी क्रमाचा मुद्दा. ‘क्रेऑनला उशीर झाला’ एवढेच सारांशात येते, पण का झाला? कोरस त्याला स्पष्ट सांगतो: आधी गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताला थडगे बांध. क्रेऑन उलट करतो. पॉलिनायसीजचे उरलेले अवशेष धुतो, ताज्या तोडलेल्या डहाळ्यांवर जाळतो, स्वदेशाच्या मातीचा उंच ढिगारा रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. निरोप्याच्या भाषणातला हा मजकूर लांबतो म्हणून तो काटण्याचा मोह होतो. प्रयोग करणाऱ्यांना विनंती आहे की तो ठेवावा, आणि याच क्रमाने ठेवावा.

आपला,
एक वाचक