गाईड काका, तुमच्यामुळं बँकॉक बिनघोर बघून झालं

गाईड काका, सप्रेम नमस्कार,

आम्ही सगळे बँकॉकहून सुखरूप परत आलो, फोनवर तुम्हाला थँक्यू म्हणून झालं तरी मन भरलं नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायलेय. वेरूळ-अजिंठ्याला फॉरेनर लोकांना लेणी दाखवण्यात तुमचं आयुष्य गेलं, अन् त्या अनुभवातून तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलं ते एकाही टूरवाल्यानं सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणले होते, वेरूळ मंगळवारी बंद असतं अन् अजिंठा सोमवारी, हे ज्याला माहीत नाही त्याला कुणीही कोणत्याही वारी "आज लेणी बंद हायेत, चला पैठणी दाखवतो" म्हणून दुकानात नेऊ शकतं, आणि नेणाऱ्याचं कमिशन गिऱ्हाइकाच्याच बिलात चढवलेलं असतं. बँकॉकच्या राजवाड्यापाशी, ग्रँड पॅलेसपाशी, अगदी हेच झालं बघा. भिंतीच्या कडेनं चाललो होतो तर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, असा एक माणूस हसत हसत आला, इंडियातून आलात का म्हणून विचारलं, मग म्हणाला आज पूजा आहे, पॅलेस दुपारनंतर उघडेल, तोवर हा टुकटुक रिक्षावाला २० बाटमध्ये (बाट म्हणजे तिथला रुपया) मंदिरं फिरवून आणेल. आई थांबलीसुद्धा नाही. "काकांनी सांगितलंय, गेटवरच जाऊन विचारायचं" म्हणाली अन् सरळ चालू लागली. गेट उघडंच होतं, लोक रांगेत उभे होते! तिकीट रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं, एखाद्या कार्यक्रमाला बंद ठेवायचं असलं तरी ते गेटवर नाहीतर त्यांच्या साईटवर कळतं, रस्त्यावरच्या माणसाकडून नाही. त्या २० बाटमध्ये रिक्षावाल्याचं भागत नाही, त्याला खरे पैसे मिळतात ते रत्नांच्या दुकानातून अन् सूट शिवणाऱ्याकडून, जिथं "सरकारी सेल आहे, आजच शेवटचा दिवस, तुमच्या गावात दुप्पट भावानं विकाल" सांगून साधे खडे गळ्यात मारतात. हे सगळं तुम्ही इथं चहा पिता पिता सांगितलं होतं म्हणून आम्हाला तिथं उभ्या उभ्या ओळखता आलं.

तिकिटाचं पण तसंच. परदेशी माणसाला ५०० बाट अन् थाई लोकांना फुकट, हे बघून आत्याला लई खटकलं. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं ना, वेरूळला आपल्याला ४० रुपये अन् बाहेरच्याला ६००, थायलंडला गेल्यावर आपण बाहेरचे. बोर्डावर भाव लिहिलाय, हातात पावती मिळतीय, त्याला फसवणूक म्हणायचं नाही. मला हे फार पटलं, कारण आपण खऱ्या तिकिटाला कटकट करतो अन् पावती न देणाऱ्याला गुपचूप पैसे देऊन येतो.

बाकी बारीकसारीक गोष्टी तर किती कामाला आल्या. जायच्या आधी भरायचा तो थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, १ मे २०२५ पासून लागू झालेला, सरकारी साईटवर फुकट भरता येतो अन् पैसे मागणाऱ्या साईट दुसऱ्यांच्याच असतात, हे तुम्ही सांगितलं. बँकेच्या कार्डानं पैसे देताना मशीननं रुपयात की बाटमध्ये विचारलं की बाटच दाबायचं, नाहीतर रेट ते त्यांच्या मनाचा लावतात. टॅक्सी मीटरवर येत नसली तर सोडून द्यायची, ३५ बाटपासून मीटर सुरू होतं. पटायाला भावाला जेट स्की करायची होती पण दुकानवाला पासपोर्ट ठेवून जा म्हणायला लागला तसा तो माघारी फिरला, नंतर जुना ओरखडा दाखवून भरपाई मागतात हे त्याला तुमच्याकडूनच माहीत होतं.

पण काका, खरे आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुम्ही आम्हाला घाबरवलं नाही. "जो आपणहून जवळ येतो त्याचं नुसतं ऐकून घ्या, अन् ज्याला तुम्ही जाऊन विचारता तो बहुतेक खरंच सांगतो," हे तुमचं वाक्य आईनं पाठ केलं होतं, त्यामुळं ती तिथं बिनधास्त कुणालाही विचारायची. वाट फो मंदिर बघून झाल्यावर (वाट म्हणजे तिकडं मंदिर) एका फळवाल्या बाईला तिनं खाणाखुणा करून वाट अरुणचा रस्ता विचारला, तर ती बाई गाडी शेजारणीकडं सोपवून आम्हाला थेट था तियेनच्या होड्यांच्या धक्क्यापर्यंत पोचवून आली, पेरूचे पैसे पण घेईना. संशयानं बघत फिरलो असतो तर तिला विचारलंच नसतं. तुम्ही म्हणले होते, एकदा फसलेला माणूस कैलास लेण्यासमोर उभा राहिला तरी त्याचा हात खिशावरच असतो, त्याला लेणं दिसतच नाही. ते सांगताना तुम्हाला किती वाईट वाटत होतं ते मी बघितलंय.

आमच्या कॉलनीतले दोघं-तिघं दिवाळीनंतर व्हिएतनामला निघालेत, त्यांना तुमचा नंबर दिलाय, फोन येईल. आई म्हणायलीय रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, फोटो तेव्हा दाखवते, अन् वाट अरुणच्या नक्षीबद्दल तिला तुम्हाला लई काही विचारायचंय.

तुमच्या मागच्या गल्लीतली,
तुमची पुतणीच समजा