आजी-आजोबा, नातवंडं आणि क्रूझ

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. काका-काकू, तुम्ही दोघं आणि दोन्ही मुलं, सगळे मिळून क्रूझला जायचं म्हणता, हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. जहाज कोणतं घ्यावं, असं तू विचारलं आहेस. त्याकडे येतेच, पण आधी एक सांगते: या प्रवासात सगळ्यांनी सगळा वेळ एकत्र राहायचा हट्ट धरू नकोस.

आई-बाबांना आणि मुलांना घेऊन आम्ही गेलो, तेव्हा हे मला नीट उमगलं. जमिनीवरच्या सहलीत सगळं कुटुंब थकलेल्या माणसाच्या चालीने चालतं. बाबांचा गुडघा दुखला की सगळे थांबतात, धाकटी पेंगुळली की सगळे परततात. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा झाला, ही बोच आजी-आजोबांच्या मनात दिवसभर राहते. जहाजावर ती राहिली नाही. बाबा सावलीत समुद्राकडे तोंड करून तासन्‌तास बसायचे, थोरला पाण्यात, धाकटी खोलीत झोपलेली, आणि आई दुपारच्या गाण्याच्या कार्यक्रमाला एकटी जाऊन यायची. आईला असं एकटीने कुठे जाताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. परत आली की आम्हाला सांगायला तिच्याकडे काहीतरी असायचं.

खोल्याही याच विचाराने निवड. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या मिळाल्या तर उत्तम. नुसत्या शेजारच्या खोल्या वेगळ्या, त्यांना मधलं दार नसतं, म्हणून बुकिंग करताना स्पष्ट विचारून घे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात, तरी वादळी समुद्रात ते जाणवतंच. पोहण्याच्या तलावाच्या अगदी खालची किंवा नाट्यगृहाला लागून असलेली खोली टाळ. मुलांची दुपारची झोप गेली की सगळ्यांचाच दिवस जातो. आणि चौघांपाचांना एका खोलीत बसवायचं असेल तर उशीर करू नकोस. खोलीत पलंग असला तरी त्या भागाला नेमून दिलेल्या बचावनौकांची जागा भरली की आणखी माणूस घेत नाहीत.

काकांना चालायला त्रास होतो म्हणतेस, तर रुंद दाराची, उंबरठा नसलेल्या न्हाणीघराची खोली माग. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. जहाजं किती मोठी असतात याचा अंदाज फोटोंवरून येत नाही. 2024 साली प्रवासी सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास 365 मीटर लांब आहे. न्याहरीला जायचं म्हणजे सुद्धा चांगली रपेट होते. म्हणून लिफ्टच्या जवळची खोली बघ, आणि व्हीलचेअर लागणार असेल तर घरची ने किंवा आधीच भाड्याने ठरव. जहाजावरच्या खुर्च्या बहुधा चढण्या-उतरण्यासाठी आणि अडीअडचणीसाठीच राखलेल्या असतात. खरं सांगायचं तर तुमच्यासाठी फार मोठं जहाज नकोच, असं माझं मत आहे. मुलांसाठी घसरगुंड्या कमी असतील, पण काकांना कुणाचा हात न धरता जेवणघरापर्यंत जाता येईल.

मुलांच्या वयाचे नियम आधी तपास. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि लांबच्या सागरी सफरींना ही अट एक वर्षाची असते. मुलांना खेळवणारा, सांभाळणारा जहाजावरचा किड्स क्लब साधारण तीन वर्षांपासून, तेही डायपर सुटलेल्या मुलांसाठी. तुझ्या धाकट्याला बहुधा पाळणाघरासारखी सोय असलेलं जहाजच बघावं लागेल. डायपरमधल्या बाळांना मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरीही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळा कारंज्यांचा कोपरा असतो, तो आहे का ते विचार. नाहीतर दादा पाण्यात आणि आपण काठावर, हे त्या जिवाला समजावणं फार कठीण जातं.

आता जे मला सर्वांत मनापासून सांगायचं आहे ते. काका-काकूंना मुलं सांभाळायला नेऊ नकोस. तू तसं ठरवलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे, पण ते न ठरवताच होतं. ‘जरा दहा मिनिटं बघाल का?’ असं दिवसातून अनेकदा होतं, आणि नातवंडांना नाही म्हणणारी आजी मी अजून पाहिली नाही. निघण्याआधीच त्यांच्याशी बोल. कोणती वेळ त्यांना नातवंडांबरोबर हवी आहे आणि कोणती स्वतःसाठी, हे त्यांनीच सांगू दे. आमच्याकडे बाबांनी सकाळची वेळ मागून घेतली. थोरल्याला घेऊन ते रोज डेकवर जायचे, बंदर जवळ येताना दोरखंड कसे टाकतात, वाट दाखवणारी पायलट बोट कशी येते, ते दोघं मिळून बघायचे. दुपार मात्र पूर्णपणे आई-बाबांची. संध्याकाळी आम्हा दोघांना मोकळा वेळ हवा असला की मुलं क्लबमध्ये जायची.

एकत्र यायचं ते रात्रीच्या जेवणाला. बऱ्याच जहाजांवर लवकरची ठरलेली पंगत असते, तीच घे. टेबल तेच, वाढणारा तोच. दोन-तीन दिवसांत त्याला आजीचं पथ्य आणि नातवाचे नखरे पाठ होतात. दिवसभर पांगलेली माणसं तिथे आपापल्या गोष्टी घेऊन येतात. भर समुद्रात फोनवर अवलंबून राहू नका. उपग्रहावरचं रोमिंग फार महाग पडतं, जहाजाचं ॲप वडीलधाऱ्यांना जमेलच असं नाही. ‘अमुक वाजता अमुक जिन्यापाशी’ हे कागदावर लिहून दिलेलं बरं.

बंदराच्या दिवशी सगळ्यांनी उतरलंच पाहिजे असं नाही. गर्दी किनाऱ्यावर गेली की जहाज मोकळं आणि शांत असतं, आजी-आजोबांना तो दिवस फार आवडतो. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी नेतात. लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं काकांना जड जाईल, तेव्हा मार्ग ठरवतानाच अशी बंदरं कोणती ते बघ. स्वतःहून फिरायला गेलात तर जहाजाच्या घड्याळाप्रमाणे वेळेत परता, कारण उशीर झालेल्यांसाठी ते थांबत नाही.

औषधं हातातल्या पिशवीत ठेव, मोठं सामान खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. मळमळीसाठी कानामागे लावायची पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच लावू नकोस. ती लहान मुलांसाठी नसते, वयस्कर माणसांना तिने भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालत नाही. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचं बिल वेगळं येतं. विम्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च हवा, आणि काकांचे जुने आजार त्यात नोंदवलेले हवेत. हात साबणाने धुवायची सवय मुलांना आतापासूनच लाव, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर कमी पडतं.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत मनापासून करा. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 2012 मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेण्याचा नियम आला. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांनाही शिकव. काकांना जिन्याने नेणार कोण आणि कोणतं मूल कुणाच्या हातात, हे तिथेच ठरवा. संकटात लिफ्ट वापरता येत नाही.

काकांच्या खोलीचं काम याच आठवड्यात कर. एक-दोन जहाजं मनात आली की त्यांचे मजल्यांचे नकाशे मला पाठव, आपण फोनवर बसून खोल्या बघू. काका-काकूंना माझा नमस्कार, मुलांना खूप पापे.

तुझीच
मैत्रीण