वाकड्या पट्ट्याबद्दल, काकांना

काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. शनिवारी शेडमध्ये चहा होईल तेव्हा मी हे माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाचून दाखवेन, आणि निम्म्यातच तुम्ही हात झटकून 'पुरे' म्हणाल. म्हणून आधी इथे, आपल्या माणसांसमोर लिहून टाकते. इंग्रजीत आभार मानायचे म्हणजे 'थँक यू' म्हणायचं, आणि ते मी रोज बसच्या ड्रायव्हरलाही दोनदा म्हणते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी मिरजेची, नऊ वर्षं झाली इंग्लंडमधल्या पोर्टस्मथला आहे. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने हात धरून लाँगबोच्या सरावाला नेलं आणि मी तिथलीच झाले. लाँगबो म्हणजे जुन्या पद्धतीचं लांब धनुष्य, नुसता लाकडी दांडा आणि दोरी. त्याला शोभतात तेही लाकडी दांड्याचे, खऱ्या पिसांचे बाण. स्पर्धेत तर तेच लागतात. हे काका आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. गोदीत नोकरी करून निवृत्त झाले, सत्तरी कधीच ओलांडली. परसातल्या शेडमध्ये बाण बनवतात, विकत मात्र नाहीत. मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणते. तो तिरंदाजीतला काहीतरी शब्द असावा असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.

आणि माझा हात थरथरतो. थायरॉइडचं दुखणं आहे, औषध चालू आहे. दोरी ओढताना फारसं जाणवत नाही. बारीक ब्रश हातात घेतला की सगळ्या जगाला दिसतं.

पहिले बारा बाण मी विकत घेतले होते. कुठून ते सांगत नाही. फोटोत इतके देखणे की दोन दिवस मी फोटोच बघत बसले होते: गडद तपकिरी दांडा, पिसांकडे पांढरा रंग, त्यावर निळे-सोनेरी पट्टे. पार्सल उघडलं आणि दांड्याला बोट चिकटलं. व्हार्निशचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलेला, वर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. आठवड्याभरात पिसं सुटायला लागली, तीही खालच्या रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन. एका बाणावर तर दोन पिसं डाव्या पंखाची आणि एक उजव्या. डाव्या-उजव्या पिसांचा बाक उलटसुलट असतो, ती एका बाणावर एकत्र लावायची नसतात, हे मला तेव्हा कुठे माहीत? बाण शेपूट हलवत का जातो म्हणून मी आपली स्वतःच्या नेमाला दोष देत होते. तक्रार केली तर एका ओळीचं उत्तर आलं: लाकूड आहे, असं व्हायचंच. लाकडाचा काय दोष हो? ते बिचारं अमेरिकेतल्या ओरेगनहून इथवर सरळच आलं होतं.

मग बाण बनवायच्या एका कार्यशाळेला गेले. दिवसभराची, पैसे भरून. दुपारी पट्टे काढायची वेळ आली. दांडा मोटरवर सावकाश फिरतो, आपण ब्रश नुसता टेकवून स्थिर धरायचा. नुसता! मी टेकवला, हात हलला, पट्टा एका बाजूला फुगला. शिकवणाऱ्याने अगदी गोड हसून ब्रश माझ्या बोटांतून काढून घेतला. 'द्या, मी करतो.' माझे उरलेले पाचही बाण त्याने रंगवले, आणि छान रंगवले. मी ते घरी आणून कपाटावर ठेवले. अजून तिथेच आहेत. त्याने वाईट काहीच केलं नाही, म्हणून तर कुणाला सांगताही येत नाही.

तुमच्याकडे आले ती रंगाचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच. दांडे घासायला मला आवडलं होतं. ते ओरेगनचं लाकूड, सीडर, पॉलिश पेपरने घासलं की चक्क आल्यासारखा वास सुटतो; तुमच्या त्या फिक्या चहात आलं टाकायचं मला तिथेच सुचलं. मग तुम्ही एक बरणी उघडलीत आणि मी खाली बसलेच. लाखेचे चपटे तुकडे, स्पिरिटमध्ये विरघळलेले. काका, मिरजेत आमच्या शाळेच्या वाटेवर सतारी बनवणाऱ्यांची दुकानं होती. भोपळ्यांच्या राशी, लाकडाचा भुसा, कापडाच्या बोळ्याने पॉलिश घासत बसलेला एखादा म्हातारा, आणि हा वास. तुम्हाला वाटलं मला स्पिरिटने गरगरलं. खिडकी उघडलीत, पाणी दिलंत. तेव्हा सांगता आलं नाही, आज सांगते.

तुम्ही बाणांना घाई करू देत नाही. एक हात, मग रात्रभर टांगून ठेवणं, मग स्टीलवूलने हलकं घासणं, पुन्हा एक हात. मी विचारलं, झाडीत हरवायच्या वस्तूला इतकं कशाला? उत्तर द्यायच्या ऐवजी तुम्ही मला मेरी रोझच्या संग्रहालयात घेऊन गेलात. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं जहाज, 1545 साली बुडालं, 11 ऑक्टोबर 1982 ला समुद्रातून वर काढलं. त्यात हजारो बाण सापडले. पिसं कुजून गेली, पण ती बांधलेल्या दोऱ्याचे वेढे दांड्यावरच्या हिरवट लेपात उमटून राहिले आहेत, सारख्या अंतरावर, स्क्रूच्या आट्यांसारखे. लढाईचे बाण ते, एकदा सुटले की परत कोण आणून देणार? तरी बांधणाऱ्याने एक वेढा कमी केला नाही. तुम्ही काचेला नाक लावून उभे होतात आणि मला त्या 'लाकूड आहे'वाल्याला फोन लावावासा वाटत होता.

आता त्या शनिवारचं.

तुम्ही विचारलंत, पट्टे कुठल्या रंगाचे? मी म्हटलं, कुठलेही. तुम्ही चष्मा काढलात. 'कुठलेही' असा रंग कुणाचा नसतो, म्हणालात. पट्टे असतात ते गवतात सापडलेला बाण कुणाचा हे कळावं म्हणून. मी हळदीचा पिवळा सांगितला, हिरव्या चुड्याचा हिरवा आणि मधे कुंकवाचा लाल. पिवळा आणि हिरवा तुम्ही काढलात. लाल रंगाच्या वेळी ब्रश माझ्यापुढे धरलात. मी हात दाखवला. तुम्ही हाताकडे पाहिलंत आणि ब्रश तसाच धरून ठेवलात.

मी काढला. व्हायचं तेच झालं: एका जागी पट्टा जाड, पुढे बारीक, आणि एक छोटी जीभ हिरव्यात घुसलेली. मी चिंधी शोधायला लागले. तुम्ही बाण माझ्या हातातून घेतलात, दिव्याखाली फिरवून पाहिलात आणि नमुन्यासारखा समोर टेकवून ठेवलात. मग दुसरा दांडा लावलात. मोटर बंद केलीत. बोटांनी दांडा कणाकणाने फिरवत, माझ्या पट्ट्याकडे बघत, तुमच्या त्या जराही न हलणाऱ्या हाताने तुम्ही वाकडा पट्टा काढलात. जिथे माझा जाड तिथे जाड, जिथे बारीक तिथे बारीक. हिरव्यात घुसलेली जीभसुद्धा सोडली नाहीत. दहा मिनिटं लागली असतील. 'सेट एकसारखा हवा,' एवढंच बोललात, ब्रश पुन्हा माझ्या हातात दिलात आणि चहा ठेवायला गेलात.

उरलेले दहा मी काढले. दहा तऱ्हांचे वाकडे. रडत काढले, हे तुम्हाला केटलच्या आवाजात कळलं नसेल अशी आशा आहे.

मला मदत करणारे या देशात पुष्कळ भेटले, तिकडेही होते. बहुतेकांनी मदत करताना आधी माझा हात बाजूला सारला. प्रेमाने सारला, पण सारलाच. आजारी माणसाला या प्रेमाची इतकी सवय होते की पुढे तोच आपणहून हात मागे घेऊ लागतो. मिरजेच्या त्या दुकानांत नवशिक्या पोराने पॉलिशचा डाग पाडला की म्हातारा 'दे इकडे' म्हणत नसे. बोळा त्याच्याच हातात ठेवून 'आता पुढे' म्हणे. शाळेला उशीर करून मी ते बघत उभी राहायची. इतकी वर्षं वाटायचं, तो तिथल्या हवेचाच गुण. माणूस भला असेल तर पोर्टस्मथच्या ओलसर हवेतही चालतं की!

ते दोन बाण, पहिला माझा आणि दुसरा तुमचा, मी घरी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कुठला कोणाचा, मला सांगता येईना. नवऱ्यालाही आलं नाही.

आणि आता एक कबुली. गेल्या रविवारी त्या दोघांतला एक काटेरी जाळीत गेला. तासभर शोधला, हातावर ओरखडे घेऊन परत आले. हरवला तो तुमचा की माझा, देव जाणे. उरलेला शनिवारी घेऊन येते. तो समोर ठेवून नवा करू. यावेळी नक्कल मी करते. लाल रंगाची बाटली काढून ठेवा. आलं मी आणते.

तुमची,
तीन गल्ल्या पलीकडची